लाक्षागृहाचं फायर ऑडिट

आपल्या पुराणांत आग विझवणाऱ्यांपेक्षा लावणारे फार, आणि कौतुकही सगळं लावणाऱ्यांच्याच वाट्याला येतं. हनुमान लंका पेटवतो. भीम वारणावतातलं राहतं घर पेटवतो. अग्नीला खांडववन गिळता यावं म्हणून कृष्ण आणि अर्जुन पहाऱ्याला उभे राहतात. शंकराला तर काडीसुद्धा लागत नाही, डोळा उघडला की मदनाची राख. एकट्या होलिकेला आपण नावं ठेवतो, आणि तिची जिरली या आनंदात दरवर्षी गल्लोगल्ली पुन्हा आग लावतो. एवढं सगळं ऐकून झोपणाऱ्या पोराला सकाळी ‘काडेपेटीला हात लावायचा नाही’ असं सांगणं म्हणजे गडहिंग्लजात राहून फुटबॉलला पाय लावू नको म्हणण्यासारखं आहे.

आमच्या घरात पुराणांचं खातं आईकडे, म्हणजे पोरांच्या आज्जीकडे आहे, आणि सुरक्षेचं बायकोकडे. मी बिनखात्याचा मंत्री. आज्जी रात्री गोष्ट सांगते, बायको सकाळी नियम सांगते. गॅसच्या बटणाला हात नाही. निरांजनाला फुंकर नाही. परसातल्या तांब्याच्या बंबात वहीची पानं, खोडरबर, ताईची रिबीन यांतलं काहीही घालायचं नाही. (ही यादी अनुभवातून वाढत गेलेली आहे.) गोष्ट पोरांना एका दमात पाठ होते, नियम मात्र रोज नव्याने सांगावा लागतो. बायकोच्या मते पोरांनी माझ्या घराण्याचं डोकं घेतलंय. माझ्या मते नियमात राक्षस नसतो, एवढंच.

दोन्ही खात्यांचा पहिला संघर्ष होळीला झाला. होलिकेला आगीपासून भय नव्हतं, तसा वरच मिळाला होता, तरी ती जळाली आणि प्रल्हाद राहिला, हे आज्जीने रंगवून सांगितलं. बारक्याला ते पटेना. तो बालवाडीत आहे आणि त्याला फसवणूक सहन होत नाही. “वर दिलाता न्हवं? मग जळली कशी?” आज्जी भक्तीच्या महिम्याकडे वळणार, तेवढ्यात दुसरीतल्या थोरलीने निकाल दिला, “तारीख संपली असंल वराची. गॅसच्या नळीवर असती बघ तसली.” आदल्याच आठवड्यात बायकोने तिला शेगडीची रबरी नळी उलटी करून त्यावर छापलेली तारीख दाखवली होती. ही नळी पाच वर्षांत बदलायची असते. आमच्या ओळखीच्या घरांपैकी निम्म्या घरांत ती होलिकेच्या वराच्या भरवशावर चालू आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं ते थिएटर, शेजारी खासबागेचं मैदान, आणि मोबाईलच्या एवढ्याशा काचेत ते छप्पर लालभडक झालेलं. आज्जी लग्नानंतर पहिलं नाटक तिथंच बघितलेली. ती काही बोलली नाही, नुसती चष्मा काढून पुसत बसली. पोरं मागून डोकावत होती. बारक्याने विचारलं, “कुणी लावली? हनुमानानं?”

मग दोन्ही खात्यांनी युती केली. बायको म्हणाली, “अत्त्या, आगीच्याच गोष्टी सांगायच्या असतील तर त्यातनं कसं वाचायचं ते पण सांगा की.” आज्जी म्हणाली, “त्यात काय, लाक्षागृह सांगते.”

मीही त्या रात्री ऐकायला बसलो. लहानपणी ऐकलेल्या लाक्षागृहातल्या माझ्या लक्षात दोनच गोष्टी होत्या: घर पेटलं आणि पांडव निसटले. मधला सगळा भाग तर घराच्या तपासणीचा अहवाल आहे! पुरोचनाने घर बांधायला काय काय वापरलं त्याची महाभारतात यादीच आहे. ताग, राळ, लाख, बांबू, वाळकं गवत, वर तूप आणि तेल. शिवाय घराचं नाव ‘शिव’, म्हणजे कल्याण. हल्लीही बंगल्याला नाव शांतिकुंज देतात आणि मीटरच्या पेटीतून वायरी बाहेर लोंबत असतात, तसलाच प्रकार. धर्मराज आत पाऊल टाकतो आणि भिंतीचा वास घेतो. तूप आणि लाखेचा वास. तिथंच तो भीमाला सांगतो की हे घर जाळण्यासाठी बांधलंय.

“वास आला की काय करायचं?” बायकोने मध्येच विचारलं. थोरली घडाघडा म्हणाली, “खिडक्या उघडायच्या, दिव्याचं बटण दाबायचं न्हाई, रेग्युलेटर बंद करायचा आणि भायेर जायचं.” सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून खाली जमिनीलगत साठतो. गळतीची तक्रार करायला १९०६ हा नंबर आहे. हे सगळं बायकोने फ्रीजवर कागद चिकटवून लिहून ठेवलं होतं, पण कागदावरचं मरकॅप्टन कुणाच्या नाकात शिरलं नव्हतं. धर्मराजाने भिंत हुंगली म्हटल्यावर बारका दुसऱ्या दिवशी उठल्यापासून घर हुंगत फिरायला लागला. शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांची भिंतही हुंगून आला. त्यांच्या घरी तूप कढत होतं. त्याने बाहेर येऊन गल्लीत जाहीर केलं, “काकूंचं घर जळणाराय.” ते निस्तरायला आज्जीला त्यांच्या घरी चहा प्यावा लागला.

पण गोष्टीतला खरा माणूस धर्मराज नव्हे, विदुर. पांडव निघताना गर्दीत सगळ्यांदेखत विदुर त्याला कोड्यात सावध करतो, म्लेच्छांच्या बोलीत. रान जाळणारी आग बिळातल्या जिवाला जाळत नाही, साळिंदर बिळात शिरून आगीतून सुटतं, हिंडून वाटा माहीत करून घे, नक्षत्रांवरून दिशा ओळखायला शीक, अशा अर्थाचं काहीतरी. धर्मराज एवढंच म्हणतो, “कळलं.” कुंतीला काही कळत नाही, ती नंतर विचारते, काय म्हणाला रे तो?

ही म्लेच्छांची बोली पोरांना समजावून सांगायची गरज पडली नाही. गडहिंग्लजातल्या पोराला ती जन्मापासून ठाऊक असते. इथून कर्नाटकाची हद्द हाकेवर. आज्जीचं माहेर संकेश्वरकडचं, बायकोचं निपाणीकडचं. पोरांपुढे बोलायचं नसलेलं सगळं, म्हणजे जत्रेला कुणाला न्यायचं, लाडू कुठं ठेवलेत, माझ्या बहिणीच्या दिराचं नेमकं काय बिनसलंय, हे या घरात कन्नडात चालतं. अशा वेळी मी कुंती असतो.

विदुराने नुसती सूचना देऊन अंग काढून घेतलं नाही, मागाहून खणणारा माणूस पाठवला. त्याने घराच्या मधोमध भुयार पाडलं, तोंडावर फळ्या टाकून जमिनीशी सपाट केलं. पांडव तिथं जवळजवळ वर्षभर राहिले. दिवसा शिकारीच्या निमित्ताने रान पालथं घालून वाटा पाठ करायचे, रात्री हत्यारं उशाशी घेऊन झोपायचे. याला आजच्या भाषेत मॉक ड्रिल म्हणतात आणि ते लोक वर्षातून एकदा करून फोटो काढतात. पांडवांनी ते रोज केलं.

थोरलीने इथं एक प्रश्न विचारला. त्या रात्री घरात एक निषाद बाई आणि तिची पाच पोरं जेवायला आली होती, तिथंच झोपली, आणि सकाळी लोकांना सहा मृतदेह सापडले म्हणून पांडव मेले असा समज झाला. ती म्हणाली, “त्यांना भुयार का दाखवलं न्हाई?” आज्जी जरा थांबली आणि म्हणाली, झोप आता. मी शाळेत असताना हाच प्रश्न एका कीर्तनकारबुवांना विचारला होता, त्यांनीही बुक्का लावून पुढं पाठवलं होतं. महाभारतावर थोरामोठ्यांनी एवढे ग्रंथ लिहिलेत, पण दुसरीतल्या पोरीला सांगण्याजोगं उत्तर त्यांतून मला तरी सापडलेलं नाही.

सकाळी थोरली पाटी घेऊन आमच्या घराची तपासणी करायला निघाली. जिन्याखाली शेंगांची तागाची पोती: ताग. त्यामागं आज्जीने कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले बांबू: बांबू. रद्दी, तेलाचा पंधरा किलोचा डबा, गेल्या गणपतीची सजावट. “पप्पा, ह्यात लाख तेवढी न्हाई.” ती कपाटात आहे, पार्सलला शिक्का मारायची, असं मी म्हणालो नाही. पुढे ती मागच्या दाराशी गेली. पुढच्या दाराला अडचण आली तर बाहेर पडायची ती आमची एकमेव वाट, आणि त्या दारापुढे मिरच्यांचं पोतं. मिरचीचं पोतं जळतं तेव्हा माणूस आगीआधी ठसक्याने जाईल, हे बाजारपेठेतल्या या गावात कुणाला सांगायला नको. ते पोतं त्याच दिवशी हललं. बायको तीन वर्षं सांगत होती तेव्हा हललं नव्हतं, पुरोचनाचं नाव निघाल्यावर हललं.

समई हलवणं मात्र अवघड गेलं. ती देवघरात पडद्याच्या अगदी कडेला होती, आणि आज्जीचं म्हणणं, इतकी वर्षं पेटतीय, देव बघतोय की. थोरलीने पाटीवर फुली मारली. आज्जीने पडदा कातरून आखूड केला. समई जागची हलली नाही आणि फुलीही पुसली गेली नाही.

युतीतल्या दोघी यानंतर सुसाट सुटल्या. शाळेत पोरांना शिकवलं होतं, कपड्याला आग लागली तर पळायचं नाही, थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. बारक्याला कितीही सांगितलं तरी तो पळायचाच. आज्जी म्हणाली, “आरं, लोटांगण घाल की.” झालं! यल्लम्माच्या नवसाला रस्त्यावर लोटांगण घालत जाणारी माणसं त्याने पाहिलेली. तो दोन्ही हात डोक्यावर जोडून सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत गेला. चेहरा हातांनी झाकायचा, तेवढं मात्र त्यात राहिलं. मग धूर. धूर वर जातो, श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते, म्हणून रांगत बाहेर पडायचं. हे शिकवायला आज्जीने देवघरातला रांगता बाळकृष्ण उचलून आणला. एक गुडघा टेकलेला, एक हात जमिनीवर, मान वर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. एवढा चांगला नमुना कुठल्या तक्त्यावर नाही, आणि तो मराठी घरात पिढ्यानपिढ्या पितळेत ओतून ठेवलेला आहे. फक्त लोण्याबद्दल बायकोने हरकत घेतली. भाजल्यावर लोणी, तूप, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नसतं, गार वाहत्या पाण्याखाली चांगली वीस मिनिटं धरायचं. आज्जीने याला लगेच आधार काढला: लंका जाळून झाल्यावर हनुमानाने शेपूट समुद्रात बुडवलं. वाल्मीकींनी पुढेही लिहिलंय, शेपूट विझवल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो, अरे, सीता आतच राहिली की काय! पेटवल्यानंतर आत कोण आहे याचा विचार करणारा निदान तो एक तरी. आमच्याकडे ऊस गेल्यावर फडातलं पाचट पेटवणारे तेवढंही करत नाहीत.

पाचटावरून आठवलं. खांडववनाची गोष्ट आज्जीने खरं तर सांगायलाच नको होती. श्वेतकी राजाने बारा वर्षं यज्ञ केला, तूप खाऊन खाऊन अग्नीला अजीर्ण झालं, औषध म्हणून ब्रह्मदेवाने खांडववन खायला सांगितलं. अजीर्णावर आणखी खायला सांगणारा वैद्य आपल्यालाही भेटला असता तर किती बरं झालं असतं. पण पुढं बघा: अग्नीने सात वेळा वन पेटवलं आणि सातही वेळा तिथल्या हत्तींनी सोंडेत पाणी आणून आणि नागांनी फण्यांनी पाणी ओतून ते विझवलं. साऱ्या पुराणांत मला सापडलेलं हे पहिलं अग्निशमन दल. मग कृष्णार्जुन आले, त्यांनी बाणांचं छप्पर करून इंद्राचा पाऊसही अडवला. बारका ताडकन उठून बसला. “कृष्णानं बंबवाल्यांना अडवलं?” त्या आठवड्यात काकांच्या फडातलं पाचट पेटलेलं त्याने बांधावरून पाहिलं होतं. धुरातून एक ससा निघाला, मागून मुंगूस, दोघंही एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला पळाले. कृषी खातं कितीही सांगो, पाचट कुजवा, खत होतं, पण काडी स्वस्त पडते. बारक्याने काकांना तेव्हापासून अर्जुनकाका म्हणायला सुरुवात केलीय आणि काकांना तो मान वाटतो.

त्याच वनात जरिता नावाच्या पक्षिणीची चार पिल्लं असतात. आग जवळ येते, ती पिल्लांना म्हणते, या उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती टाकते. पिल्लं म्हणतात, आत उंदीर आहे, तो खाईल. ती म्हणते, तो उंदीर ससाण्याने नेला, मी डोळ्यांनी बघितलं. पिल्लं म्हणतात, नेला असेल, पण आत दुसरा नसेल कशावरून? आग जवळ येतेय आणि यांचा वाद चाललाय. हे ऐकताना बायको पदर तोंडाला लावून हसत होती. रोज सकाळी शाळेची रिक्षा दारात वाजत असते तेव्हा बुटात पाल असेल की नाही यावर आमच्याकडे हीच चर्चा चालते. व्यासांच्या घरीही पोरं असणार, त्याशिवाय हे सुचायचं नाही.

शेवटी एका रविवारी सराव करायचा ठरला. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान आग विझवताना गेले, त्यांची आठवण म्हणून. पण आमच्या गावात १४ एप्रिल हा बाबासाहेबांचा दिवस, त्या दिवशी लोकांना घराबाहेर काढायला सराव लागत नाही. म्हणून त्यानंतरचा रविवार धरला. बाहेर जमायची जागा ठरली, समोरचा विजेचा खांब सोडून पलीकडचा कट्टा. नंबर पाठ: १०१, नाहीतर ११२. मी ताट वाजवून ‘आग, आग’ असं ओरडायचं, एवढंच काम मला दिलं होतं.

मी ताट वाजवलं. थोरली रांगत बाहेर. बायको रेग्युलेटर बंद करून बाहेर. आज्जी उंबऱ्यापर्यंत आली आणि परत फिरली. थोरली कट्ट्यावरून ओरडली, “आज्जी, परत जायचं न्हाई! कायबी राहू दे!” आज्जी आतून म्हणाली, “आगं, देव हायत आत.” “त्येंना काय हुतंय? प्रल्हादाला त्येंनीच वाचवलं न्हवं?” एवढ्यात गल्ली गोळा झाली होती. ज्या काकूंची भिंत हुंगली होती त्या खरंच पाण्याची घागर घेऊन आल्या. आज्जी देव्हाऱ्यासकट बाहेर आली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की बारका नाही.

मी आत पळालो. बारका सोप्याच्या मध्यभागी ताठ उभा होता, हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले.

“आरं, काय करालैस?”

“वणवा लागला तवा कृष्णानं सांगितलं हुतं, डोळं मिटा. मग त्यानं आग पिऊन टाकली.” एक डोळा किलकिला करून त्याने विचारलं, “पिली का?”

ही गोष्ट आज्जीने त्याला कधी सांगितली होती कुणास ठाऊक. भागवतात आहे, गोपाळांना कृष्ण तसंच सांगतो. लहान पोरं आगीत पळत नाहीत, कोपऱ्यात, कॉटखाली, कपाटात लपतात, डोळे मिटून घेतात, असं अग्निशमनवाले कळवळून सांगत असतात. त्यांना बाहेर पडणं शिकवावंच लागतं. त्या दुपारी आज्जी जेवली नाही. संध्याकाळी तिने बारक्याला मांडीवर घेऊन कृष्णाची ती गोष्ट परत सांगितली. आता त्यात कृष्ण म्हणतो, “डोळं उघडं ठेवा, रांगत माझ्या मागनं या,” आणि सगळे गोपाळ यमुनेच्या काठावरच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. आग पिण्याचा भाग सगळे बाहेर आल्याची मोजदाद झाल्यावर होतो. लाक्षागृहातही सुधारणा झाली आहे. भीम काडी ओढायच्या आधी निषाद बाईला आणि तिच्या पाच पोरांना उठवतो, आणि भुयारातून सहाऐवजी अकरा माणसं बाहेर पडतात. मी म्हणालो, “आई, पांडव पाच, कुंती एक, ही मायलेकरं सहा, सगळे मिळून बारा होतात, अकरा कुठले?” ती म्हणाली, “तू मधी बोलू नगंस.” गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी अशा बदलांना आक्षेप घेतला. आज्जीने त्यांना विचारलं, तुमच्या गॅसची नळी कधी बदलली?

एवढं सगळं होऊनही काडेपेटी लपवणं चालूच आहे, कारण दिवाळी जवळ आलीय आणि बारक्याला लवंगी माळेचे वेध लागलेत. परवा तिन्हीसांजेला आज्जीने दिव्याची वात सारखी करता करता सुनेला कन्नडात विचारलं, “कड्डीपेटगी येल्लि इट्टी?” सून कणीक मळता मळता म्हणाली, “म्याल, हिंगिन डब्ब्याग.” बारका जमिनीवर किल्ल्यावरचे मावळे मांडत बसला होता. त्याने मान वर न करताच म्हटलं,

“कळलं.”

काडेपेटी त्या रात्रीच दुसरीकडे गेली. कुठं, ते मलाही सांगितलेलं नाही. काल बायको माहेरी, आज्जी देवळात, आणि दिवेलागणीला मी शेजारच्या काकूंकडे काडेपेटी मागायला गेलो. त्यांनी आधी विचारलं, “कशाला पायजे?”